विलायतेची वाट तहसील कचेरीतून जाते

आपल्या वस्तीतील एखादा मुलगा वा मुलगी परदेशी विद्यापीठात शिकावयास निघाली म्हणजे साऱ्या वस्तीला आनंद होतो. विहारात सत्कार होतो, हार घातले जातात, भाषणे होतात. हा आनंद योग्यच आहे. परंतु त्या आनंदाच्या भरात एक प्रश्न विचारावयाचा राहून जातो. जो एक गेला तो कसा गेला? आणि त्याच्याइतकीच बुद्धिमान अशी जी चार मुले गेली नाहीत, ती का गेली नाहीत? पैसा नव्हता, हे उत्तर लगेच दिले जाते. ते खरे आहे, पण अर्धेच खरे आहे. उरलेले अर्धे उत्तर असे की, योग्य दिवशी योग्य कागद त्यांच्या हाती नव्हता.

परदेशी शिक्षण हे नशिबाने मिळणारे दान आहे, ही समजूत आपण मनातून काढून टाकली पाहिजे. ते तयारीचे काम आहे. ही तयारी मुंबईच्या विमानतळावर सुरू होत नाही, दूतावासाच्या दारातही सुरू होत नाही. ती आपल्या घरातील पत्र्याच्या पेटीपासून, शाळेच्या दाखल्यापासून आणि तहसील कचेरीच्या खिडकीपासून सुरू होते. ज्या घरात दोन वर्षे आधी ही तयारी झाली, त्या घरातील मूल जाते. ज्या घरात ती झाली नाही, त्या घरातील मूल प्रवेशपत्र हातात असूनही घरी बसते. हा नियम कठोर आहे, पण तो समजून घेतला तर आपल्या आवाक्यातला आहे.

बाबासाहेबांचे उदाहरण

डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९१३ च्या जुलै महिन्यात न्यूयॉर्कला पोहोचले, हे आपल्या घरातील लहान मुलालाही ठाऊक असते. पण त्यापूर्वी काय घडले, याचा आपण पुरेसा विचार करीत नाही. बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड यांनी त्यांना दरमहा साडेअकरा पौंडांची, तीन वर्षे मुदतीची शिष्यवृत्ती दिली. ती नुसत्या तोंडी शब्दावर मिळालेली नव्हती. शिक्षण पुरे झाल्यावर दहा वर्षे संस्थानची सेवा करीन, अशा करारावर बाबासाहेबांना ४ जून १९१३ रोजी सही करावी लागली होती. सहायाचा हात पुढे आला तोही कागदासह आला आणि त्या कागदातील अटी पुढील आयुष्यात त्यांच्यासमोर उभ्या राहिल्या.

याहून मोठा धडा १९१७ सालचा आहे. १९१५ साली कोलंबिया विद्यापीठाची एम. ए. पदवी घेऊन बाबासाहेब १९१६ च्या ऑक्टोबरात लंडनला आले. लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये त्यांनी नाव घातले आणि बॅरिस्टरीसाठी ग्रेज इन येथे प्रवेश घेतला. तोच शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि अभ्यास अर्धवट टाकून परतावे लागले. दुसरा कोणी निराश होऊन आला असता आणि ते दार कायमचे बंद झाले असते. बाबासाहेबांनी मात्र परतण्यापूर्वी लंडन विद्यापीठाकडून अशी परवानगी मिळवून ठेवली की, ऑक्टोबर १९१७ पासून चार वर्षांच्या आत येऊन अभ्यास पुढे चालू करता येईल. मग मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापकी करून त्यांनी पै पै साठविली, शाहू महाराजांचे साहाय्य झाले, नवल भथेना या पारशी स्नेह्याने कर्ज दिले आणि १९२० साली, म्हणजे मुदत टळण्यापूर्वी, ते पुन्हा लंडनला पोहोचले. १९२१ साली एम. एस्सी. आणि १९२३ साली डी. एस्सी. या पदव्या त्यांनी मिळविल्या.

या हकीकतीत प्रज्ञा आहे, कष्ट आहेत, हे आपण नेहमीच सांगतो. पण तिच्यात मुदतीचे भान आणि परवानगीची दक्षताही आहे. चार वर्षांची ती परवानगी मिळविलेली नसती, तर साठविलेले पैसे हाती असूनही जुना अभ्यास जिथे सोडला तिथून उचलता आला असता काय? बाबासाहेबांचे चित्र भिंतीवर लावणाऱ्या प्रत्येक घराने त्यांची ही दक्षताही आपल्या कपाटात ठेवली पाहिजे.

जातीचा दाखला आणि धम्माचा स्वाभिमान

आज आपल्या मुलांसाठी बडोद्याचा महाराज नाही, पण संविधानाने बांधलेले शासन आहे. केंद्र सरकारची राष्ट्रीय परदेश शिष्यवृत्ती १९५४-५५ पासून चालू आहे. तिच्या १२५ जागांपैकी ११५ जागा अनुसूचित जातींसाठी ठेवलेल्या असून ३० टक्के जागा मुलींसाठी आहेत. कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न ८ लाख रुपयांच्या आत असावे, विद्यार्थ्याचे वय ३५ वर्षांच्या आत असावे, पात्रता परीक्षेत निदान ६० टक्के गुण असावेत आणि विद्यापीठ जागतिक क्रमवारीत पहिल्या ५०० मध्ये असावे, अशा तिच्या मुख्य अटी आहेत. महाराष्ट्र शासनाच्या सामाजिक न्याय विभागाची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी आहे. तिच्या दरवर्षी ७५ जागा असतात. यांखेरीज ब्रिटिश सरकारची चिव्हनिंग शिष्यवृत्ती आहे. ती एक वर्षाच्या पदव्युत्तर अभ्यासासाठी असते आणि तिला निदान दोन वर्षांचा कामाचा अनुभव लागतो.

पहिल्या दोन शिष्यवृत्त्यांच्या दारात उभे राहताच जातीचा दाखला मागितला जातो. येथे काही स्वाभिमानी घरांत अडखळायला होते. आम्ही धम्म स्वीकारला, जात टाकून दिली, मग तिचा दाखला पुन्हा कशासाठी काढावयाचा, असे वडीलधारी माणसे विचारतात. या प्रश्नामागील भावना आम्ही आदराने पाहतो. परंतु तिचे उत्तरही स्पष्ट आहे. तो दाखला आपण कोण आहोत हे सांगत नाही. आपल्या पूर्वजांवर समाजाने काय लादले, याची ती सरकारी नोंद आहे. जखम भरून येऊ लागली म्हणून औषधाची चिठ्ठी कोणी फाडून टाकीत नाही. धम्माने मनातील जात गेली. पण जातीने जी शेते, ज्या शाळा, ज्या नोकऱ्या आपल्यापासून हिरावल्या, त्यांची भरपाई अजून व्हावयाची आहे. ती मागण्यात कमीपणा कसला?

शिवाय हा हक्क सहज मिळालेला नाही, हेही लक्षात असू द्या. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशात अनुसूचित जातीचा दर्जा हिंदूंपुरता मर्यादित होता. १९५६ साली तो शिखांना मिळाला. त्याच १९५६ साली नागपूरच्या दीक्षाभूमीवर धम्म स्वीकारणाऱ्या आपल्या वडीलधाऱ्यांना मात्र केंद्राच्या सवलतींसाठी १९९० पर्यंत थांबावे लागले. चौतीस वर्षांच्या मागणीनंतर बौद्धांचे नाव त्या आदेशात आले. ज्या कागदासाठी एक सबंध पिढी झगडली, तो कागद नुसत्या आळसापायी काढावयाचा राहिला, तर त्या पिढीला आपण काय सांगणार?

येथे एक व्यवहाराची बाब सांगणे अवश्य आहे. नवबौद्ध हा शब्द महाराष्ट्रात रूढ आहे, पण केंद्राच्या यादीत जातींची नावे आहेत. म्हणून केंद्राच्या कामासाठी काढलेल्या दाखल्यावर मूळ अनुसूचित जातीचे नाव आणि बौद्ध धर्म, या दोन्ही गोष्टी स्पष्ट असाव्यात. दाखल्यासाठी अर्ज करतानाच तो केंद्राच्या नमुन्यात हवा आहे, हे सांगून ठेवावे. अभियांत्रिकी, वैद्यक इत्यादी व्यावसायिक शिक्षणाच्या वेळी काढलेले जात पडताळणीचे वैधता प्रमाणपत्र घरात असेल, तर ते दागिन्यासारखे जपावे. उत्पन्नाचा दाखला मात्र दरवर्षी नवा लागतो. तो जाहिरात निघाल्यावर नव्हे, तर आर्थिक वर्ष उलटताच मागावयाचा असतो.

एक माणूस, एक नाव

दुसरे विघ्न नावाचे आहे. आपल्यापैकी अनेक कुटुंबांनी धर्मांतराच्या वेळी वा पुढे केव्हातरी आडनाव बदलले. जे नाव गावाने तुच्छतेने हाक मारण्यासाठी वापरले, ते टाकून द्यावेसे वाटणे स्वाभाविक आहे. पण घरातील एका कागदावर जुने आडनाव, दुसऱ्यावर नवे, आजोबांच्या दाखल्यावर तिसरेच, अशी स्थिती असली म्हणजे परदेशातील अधिकाऱ्याला ही तीन माणसे दिसतात. त्याला आपला इतिहास ठाऊक नसतो आणि तो विचारीतही नाही. तो दोन कागद शेजारी ठेवतो आणि जुळत नाहीत म्हणून बाजूला सारतो.

म्हणून नाव बदलावयाचे असेल तर ते महाराष्ट्र शासनाच्या राजपत्रात रीतसर प्रसिद्ध करून घ्यावे आणि हे काम पासपोर्ट काढण्यापूर्वी उरकावे. आपल्या शालान्त परीक्षेच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी येते, मग स्वतःचे नाव, मग वडिलांचे. पासपोर्टवर आडनावाचा रकाना निराळा असतो. इंग्रजी स्पेलिंगमध्ये एका अक्षराचा फरक असला तरी त्याचा खुलासा करीत बसावे लागते. दहावीच्या अर्जावर जे स्पेलिंग लिहिले जाते, तेच पुढे आयुष्यभर मागे लागते. तो अर्ज भरताना आईने वा वडिलांनी मुलाच्या शेजारी बसावे. अक्षरे वाचता येत नसतील तर वस्तीतील शिकलेल्या मुलीला बोलवावे, पण तो कागद न पाहता जाऊ देऊ नये.

जन्माच्या नोंदीचेही असेच आहे. आईवडिलांच्या बँकखात्यातील पैसे दाखवून व्हिसा मागावयाचा असेल, तर ते खरोखर आईवडील आहेत याचा पुरावा लागतो आणि त्यासाठी जन्मदाखला मागितला जातो. ज्यांचा जन्म घरी झाला आणि नोंद राहून गेली, त्यांनाही उशिरा नोंद करता येते. मात्र एक वर्षाहून अधिक उशीर झाला असेल तर दंडाधिकाऱ्याचा आदेश लागतो आणि त्यात महिने जातात. जे काम आज निवांतपणे होते, ते विमानाच्या तिकिटाची तारीख ठरल्यावर होत नाही.

व्हिसा म्हणजे काय आणि तो कशावर अडतो

व्हिसा हा शब्द आपल्या घरांत अजून भीतीने उच्चारला जातो. वास्तविक तो एका देशाने दुसऱ्या देशातील माणसाला दिलेला प्रवेशाचा परवाना आहे, इतकेच. त्याचे नियम छापील असतात आणि ते कोणालाही वाचता येतात. आपली मुले एक वर्षाच्या एम. ए. वा एम. एस्सी. साठी ब्रिटनला जातात, म्हणून तेथीलच उदाहरण घेऊ.

आधी विद्यापीठ प्रवेश देते. मग अटी पूर्ण झाल्यावर ते विद्यार्थ्याच्या नावाने एक पुष्टिक्रमांक काढते. त्याला कॅस म्हणतात. या क्रमांकाखेरीज व्हिसाचा अर्ज करता येत नाही. अभ्यासक्रम सुरू होण्याच्या सहा महिने आधीपासून अर्ज स्वीकारला जातो आणि निर्णयाला सर्वसाधारणपणे तीन आठवडे लागतात. भारतातून जाणाऱ्यांना ठरवून दिलेल्या दवाखान्यात क्षयरोगाची तपासणी करून प्रमाणपत्र घ्यावे लागते. ते सहा महिने चालते. व्हिसाच्या अर्जाचे शुल्क २०२५ च्या एप्रिलमध्ये ५२४ पौंड झाले. शिवाय तेथील सरकारी आरोग्यसेवेसाठी विद्यार्थ्याकडून वर्षाला ७७६ पौंड आधीच घेतले जातात. पूर्ण बारा महिन्यांच्या अभ्यासक्रमाला व्हिसाची मुदत काही महिने जास्त मिळते, त्यामुळे ही रक्कम १,१६४ पौंडांपर्यंत जाते. या आकड्यांत वारंवार वाढ होत असते. म्हणून अर्ज करण्याच्या दिवशीचे दर ब्रिटिश सरकारच्या अधिकृत पत्रकातून पुन्हा पाहून घ्यावेत.

खरी कसोटी यापुढे आहे. पहिल्या वर्षाची उरलेली फी आणि नऊ महिन्यांचा राहण्याजेवण्याचा खर्च आपल्याजवळ आहे, हे विद्यार्थ्याने दाखवावयाचे असते. २०२५ च्या नोव्हेंबरपासून हा खर्च लंडनसाठी महिना १,५२९ पौंड आणि लंडनबाहेर महिना १,१७१ पौंड धरला जाऊ लागला. नऊ महिन्यांचा हिशेब केला तर लंडनला १३,७६१ आणि बाहेर १०,५३९ पौंड होतात. ही रक्कम सलग २८ दिवस खात्यात असावी लागते. त्यांपैकी एक दिवस जरी ती खाली गेली तरी अर्ज फेटाळला जाऊ शकतो. पैसे आहेत, पण सत्ताविसाव्या दिवशी घरातील दुखण्यासाठी थोडे काढले, अशा कारणानेही वर्ष बुडू शकते. बँकेचे शैक्षणिक कर्ज असल्यास त्याचे मंजुरीपत्र चालते. म्हणून सावकाराच्या ओट्यावर जाण्यापूर्वी राष्ट्रीयीकृत बँकेच्या पायऱ्या चढाव्यात.

ज्या मजुराच्या, सफाई कामगाराच्या, शेतमजुराच्या घरात एवढी रक्कम कोणी कधी पाहिलेली नाही, त्याने काय करावे? ब्रिटिश नियमांत यासाठी वाट ठेवलेली आहे. विद्यार्थ्याची फी आणि निर्वाह यांचा सर्व भार त्याच्या देशाचे सरकार उचलीत असेल, तर त्या सरकारचे पत्र पुरेसे होते. मग बँकखात्यात रक्कम दाखवावी लागत नाही. म्हणजे श्रीमंताचा मुलगा जे बँकखाते दाखवितो, त्या जागी आपला मुलगा शासनाचे पत्र ठेवतो. शासनाचे ते पत्र हेच त्याचे बँकखाते होय. पुढील सारा मुद्दा या एका वाक्यावर उभा आहे.

उशिरा आलेला न्याय

ब्रिटनमधील वर्ष सप्टेंबरात सुरू होते. विद्यापीठे त्याआधीच्या हिवाळ्यात अर्ज घेतात आणि वसंतात प्रवेश देतात. मग कॅस देण्यापूर्वी पुष्कळ विद्यापीठे अनामत म्हणून फीचा काही भाग मागतात, किंवा त्याऐवजी शिष्यवृत्तीचे पत्र मागतात. आपल्या मुलाजवळ अनामत नाही आणि पत्र अजून यावयाचे आहे. पत्र आले नाही म्हणून कॅस नाही. कॅस नाही म्हणून व्हिसाचा अर्ज नाही. अर्ज नाही म्हणून सप्टेंबर हुकला. या साखळीत मुलाचा दोष कोठे आहे?

हे आम्ही कल्पनेने लिहीत नाही. २०२५ च्या जुलैमध्ये राष्ट्रीय परदेश शिष्यवृत्तीसाठी १०६ विद्यार्थी निवडले गेले. त्यांपैकी पहिल्या खेपेस फक्त ४० जणांना तात्पुरती मंजुरीपत्रे देण्यात आली. उरलेल्या ६६ जणांना निधी उपलब्ध झाल्यास पत्रे मिळतील, असे कळविण्यात आले. निवड झाली आहे, पण पैसा असला तर, असे जुलै महिन्यात सांगणे म्हणजे काय, हे ज्याला वरील साखळी समजली त्याला वेगळे सांगावयास नको. शासनाच्या दृष्टीने तो एका फाइलीचा विलंब असतो. त्या सहासष्ट घरांच्या दृष्टीने ते रिकामे केलेले बँकखाते असते.

दुसरी गोष्ट २०२२ सालची. त्या वर्षीच्या सुधारित नियमांनी भारतीय संस्कृती, वारसा, इतिहास आणि भारतविषयक सामाजिक अभ्यास हे विषय या शिष्यवृत्तीतून वगळले. त्यामागील युक्तिवाद असा की, या विषयांची साधने देशातच भरपूर आहेत, त्यासाठी परदेशी जाण्याचे कारण नाही. या युक्तिवादाची परीक्षा एकाच प्रश्नाने होते. ९ मे १९१६ रोजी कोलंबिया विद्यापीठात तरुण भीमराव आंबेडकरांनी जो निबंध वाचला, त्याचा विषय कोणता होता? भारतातील जाती, त्यांची घडण आणि त्यांची उत्पत्ती, हाच. हा विषय त्यांनी परदेशी मानववंशशास्त्राच्या अभ्यासवर्गात बसून, तेथील विचारपद्धती हाताशी घेऊन मांडला. ज्याला जातीने पोळले आहे, त्यालाच जातीचा अभ्यास जगाच्या विद्यापीठात करावयास शासन पैसा देणार नाही, हा नियम आम्हास मान्य नाही. अभियांत्रिकी शिका, वैद्यक शिका, पण आपल्या स्वतःच्या इतिहासाकडे पाहू नका, असे कोणी सांगू लागले तर सावध व्हावे.

म्हणून आमच्या मागण्या तीन आहेत. निवड झालेल्यांना मंजुरीपत्र निदान एप्रिलअखेर मिळावे. निवड झाल्यावर निधीची सबब सांगितली जाऊ नये. विषयावरील बंदी उठवावी. या मागण्या आपल्या लोकप्रतिनिधींपुढे, समाज कल्याण कार्यालयापुढे आणि विहारातील प्रत्येक सभेत ठरावाच्या रूपाने मांडल्या गेल्या पाहिजेत. मात्र ज्याने आपला दाखला वेळेवर काढला नाही, त्याच्या तोंडी शासनाच्या विलंबाची तक्रार दुबळी पडते. आपली बाजू चोख असेल तरच आपला आवाज खणखणीत निघेल.

दलालापासून सावध

जेथे अज्ञान आणि घाई एकत्र येतात तेथे दलाल हजर होतो. हमखास व्हिसा मिळवून देतो, खात्यात महिनाभर पैसे ठेवून देतो, अनुभवाचे पत्र तयार करून देतो, असे तो गोड बोलून सांगतो. एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवा. व्हिसाची हमी कोणताही माणूस देऊ शकत नाही. खोटा कागद पकडला गेला तर ब्रिटनचे दार दहा वर्षे बंद होऊ शकते आणि ही शिक्षा दलालाला होत नाही, आपल्या मुलाला होते. पंचशील घेणाऱ्या घराला खोटे बोलू नये हे शिकवावयास नको. पण येथे तर शील आणि शहाणपण एकाच बाजूला उभे आहेत.

विद्यापीठाचा वा दूतावासाचा अधिकारी मुलाखतीत साधे प्रश्न विचारतो. हाच विषय का निवडला? हेच विद्यापीठ का? पैसा कोण देणार? पुढे काय करणार? या प्रश्नांची उत्तरे पाठ करावयाची नसतात, ती माहीत असावयाची असतात. इंग्रजी अडखळले तरी चालेल, पण उत्तर स्वतःचे असावे. अमेरिकेच्या व्हिसासाठी तर शिक्षणानंतर परतण्याचा आपला इरादा आहे, हे अधिकाऱ्याला पटवावे लागते. म्हणून घरीच, जेवण झाल्यावर, भावाने बहिणीला आणि बहिणीने भावाला हे प्रश्न विचारावेत. बापाने ऐकावे. इंग्रजी कळले नाही तरी मुलगी ठामपणे बोलते की नाही, हे बापाला कळतेच.

ब्रिटन हा एकच देश नाही, हेही सांगितले पाहिजे. जर्मनीतील बहुतेक सरकारी विद्यापीठांत शिकवणीची फी नाही. पण तेथे २०२४ च्या सप्टेंबरपासून वर्षाच्या निर्वाहासाठी ११,९०४ युरो एका बंद खात्यात आधी ठेवावे लागू लागले आणि २०२२ च्या नोव्हेंबरपासून भारतीय विद्यार्थ्यांना आपली कागदपत्रे तपासून घेऊन एपीएस नावाचे प्रमाणपत्र मिळवावे लागू लागले. देश बदलला, आकडे बदलले, तरी तत्त्व तेच राहते: आधी कागद, मग प्रवास.

मुली आणि परका देश

मुलगी एकटी परदेशी कशी जाईल, असा प्रश्न आजही आपल्या घरांत निघतो. त्याच घरातील मुलगी पहाटे उठून पाणी भरते, धाकट्यांना शाळेत पोचवते, आईच्या आजारपणात घर चालवते, तेव्हा ती एकटी कशी करील असे कोणी विचारीत नाही. जिने एवढे केले ती लंडनमध्ये एक खोली आणि एक स्वयंपाकघर सांभाळू शकणार नाही काय? केंद्राच्या शिष्यवृत्तीत मुलींसाठी राखलेल्या जागा अर्जाअभावी रिकाम्या राहिल्या, तर त्याचा दोष शासनाकडे नव्हे, आपल्याकडे येईल. मुलाला भाजीभाकरी करावयास शिकवा आणि मुलीला बँकेचे व्यवहार शिकवा, म्हणजे दोघांचीही तयारी पुरी होईल.

आणखी एक सत्य मुलांना निघण्यापूर्वी सांगून ठेवावे. समुद्र ओलांडला म्हणून जात मागे राहतेच असे नाही. आपल्याच देशातील माणसे तेथेही आडनाव विचारतात, खोली भाड्याने देताना घराणे विचारतात. पण तेथे प्रतिकाराची साधनेही तयार होत आहेत. कॅलिफोर्निया स्टेट विद्यापीठाने २०२२ साली आपल्या भेदभावविरोधी धोरणात जातीचा समावेश केला. सिएटल शहराने २०२३ साली जातीय भेदभावाला कायद्याने बंदी घातली. ब्रिटनमध्ये मात्र जातीचा स्वतंत्र उल्लेख कायद्यात करावयाचा नाही, असे तेथील सरकारने २०१८ साली ठरविले. ज्या देशी जावयाचे तेथील कायदा वाचून जावे आणि अपमान झाल्यास तो गिळू नये, लिहून काढावा. लंडनला गेलेल्या विद्यार्थ्याने १० किंग हेन्रीज रोड या घरी अवश्य जावे. विद्यार्थी असताना बाबासाहेब तेथे राहत असत. महाराष्ट्र शासनाने २०१५ साली ते विकत घेऊन तेथे स्मारक केले आहे. घर लहान आहे, पण तेथे उभे राहिल्यावर मनातील न्यूनगंड टिकत नाही.

विहाराचे काम

हे सारे एकेकट्या कुटुंबाने करावे, असे आम्ही म्हणत नाही. पहिल्यांदाच शिकणाऱ्या घराला कोठे जावे, कोणाला विचारावे, हेच ठाऊक नसते. उच्चवर्णीय घरात काका विचारला जातो, मामा सल्ला देतो, शेजारी ओळख काढून देतो. आपल्या मुलांचे काका आणि मामा विहारात तयार झाले पाहिजेत. वर्षातून दोनदा, रविवारच्या वंदनेनंतर, कागदपत्रांची बैठक घ्या. प्रत्येक दहावी-बारावीच्या मुलाचे दाखले एकत्र मांडा. नाव जुळते का, जन्माची नोंद आहे का, जातीचा दाखला केंद्राच्या नमुन्यात आहे का, पासपोर्टची मुदत किती उरली, हे पाहा. जे परदेशी शिकून आले आहेत त्यांच्याकडून देणगीबरोबर प्रत्येकी दोन विद्यार्थ्यांची जबाबदारीही मागा. पासपोर्टचे शुल्क १,५०० रुपये असते. ज्या घराला तेही जड जाते, त्याच्यासाठी विहाराने एक छोटा निधी ठेवावा. मिरवणुकीतील एका दिवसाच्या फटाक्यांत अनेक मुलांचे पासपोर्ट निघतात, हा हिशेब आपण एकदा मांडून पाहावा.

बंधूंनो आणि भगिनींनो, एके काळी आपल्याला अक्षर शिकावयास बंदी होती, म्हणून कागद आपल्या विरुद्ध वापरला गेला. ज्या कागदावर आपला अंगठा उठवून घेतला गेला, त्यावर काय लिहिले होते हे आपल्याला कधी कळले नाही. आता अक्षर आपले आहे, कायदा आपला आहे आणि कागदही आपल्या बाजूने बोलू शकतो. मात्र तो आपणच वेळेवर मिळविला पाहिजे. या पंधरवड्यात घरातील पेटी उघडा, मुलांना जवळ बसवा आणि एकेक दाखला वाचून पाहा. जो नाही त्यासाठी सोमवारी सकाळी तहसील कचेरी उघडताच खिडकीपाशी उभे राहा.